बुधवारचा टेम्पो

द्वारके, ऊठ. लिलाव कधीच संपला,
बर्फाचा चुरा वाळूत विरघळतोय
आणि बाबल्याचा टेम्पो रिकामा उभा आहे.
आज तो बांगडे नेणार नाही,
आपल्याला नेणार आहे. सातजणी.
मालवणला, रुग्णालयात.
वास येईल म्हणतेस? येऊ दे.
आपण काय अत्तरवाल्याच्या लेकी?

"माका काय दुखना नाय,
मगे कित्याक दाखवूचा?"

होडीला तरी कुठे दुखतं गो.
तरी तुझा घोव दरवर्षी तिला वर ओढतो,
ओंडक्यांवरून, बारा माणसं लावून,
कुशीवर निजवतो,
चिकटलेली कालवं खरवडतो,
मग बोटाच्या पेराने फळी फळी ठोकत
कान लावून ऐकतो:
भरीव की पोकळ.
किडा शिरतो तेव्हा भोक सुईएवढं असतं.
पाणी आत यायच्या आधी बघायचं,
हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.
तू चार बाळंतपणं काढलीस,
पाटी घेऊन मसुऱ्यापर्यंत चाललीस,
तुझा तळ कुणी बघितला?

घोवाला विचारते म्हणालीस.
विचार की.
होडी वर ओढताना त्याने तुला विचारलं होतं?

सुगंधा आठवते ना.
पाळी जाऊन चार वर्षं झाली आणि पुन्हा डाग दिसले.
म्हणाली, उष्णता असेल.
कोकम प्याली, जिऱ्याचं पाणी प्याली.
पुढे पुढे बाजारात अगदी कडेला बसायला लागली,
त्या बाजारात, जिथे सगळ्यांनाच वास येतो,
ती कडेला बसायची
आपला वेगळा कळू नये म्हणून.
गोव्याला नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले,
दोन वर्षं आधी आणायला हवी होती.
दोन वर्षं.
कमरेच्या पिशवीत, सुपारीच्या खांडांशेजारी
गाठ मारून ठेवली होती तिने ती.
कुणाला दाखवली नाहीत.
आम्हीही मागितली नाहीत.

मी गेले होते शिमग्याच्या आधी.
खोटं नाही सांगत, लाज वाटली.
टेबल उंच, पाय कुठे ठेवायचे कळेना.
घाडी सिस्टरने ते यंत्र कोमट पाण्यात धरलं,
बगळ्याच्या चोचीसारखं दिसतं ते,
म्हणाली, "ढिला सोड गो, श्वास सोड."
थोडं दाटलं.
मग कापसाच्या बोळ्याने काहीतरी लावलं,
लोणच्यात घालतात त्या व्हिनेगरच्या वासाचं,
आणि मिनिटभर थांबली.
मी वर पंखा बघत होते.
तीन पाती. एक वाकडं.

पांढरा डाग उमटला, मसुरीच्या डाळीएवढा.
माझ्या तोंडाचं पाणी पळालं.
"हो कॅन्सर नाय," सिस्टर म्हणाली,
"पण तसोच ठेवलंस तर पुढे होऊ शकता."
डॉक्टरीणबाईंनी बघितलं
आणि त्याच दुपारी गरम टोकाने तो जाळून टाकला.
पाळीसारखी एक कळ आली, गेली.
काही दिवस पाण्यासारखं जात राहिलं,
ते त्यांनी आधीच सांगितलं होतं.
चौथ्या दिवशी मी इथेच बसून
सुरमईचे तुकडे करत होते
आणि तू भावावरून माझ्याशी भांडलीस.
तुला कळलं तरी का?

बहुतेकींना डाग नसतोच.
बघतात आणि घरी पाठवतात,
चहा पिऊन उलट्या टेम्पोने परत.
सुनेलाही हाक मार,
तिची तिशी उलटली.

बाबल्या हॉर्न मारतोय.
क्रेट उलटा टाकलाय तुझ्यासाठी, वर गोणपाट.
पाटी राहू दे इथेच,
आज डोक्यावर काही नको.

ती काही बोलली नाही.
हात धुतले, पदराला पुसले,
माझ्या खांद्यावर भार देऊन वर चढली.
ओझरचा चढ आल्यावर
कानाशी येऊन हळूच म्हणाली:
"आणि तो पंखो?
पाता सरळ केल्यानी,
की अजून वाकडाच हा?"